सासूबाईंना खाटेवरच ठेवायचं का?

पत्राचा सारांश: अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. सासूबाई ७३ वर्षांच्या. बीपी आणि साखर, दोन्हीच्या गोळ्या चालू. गुडघे दुखतात. चार महिन्यांत त्या दोनदा पडल्या. पहिल्यांदा पहाटे परसातल्या संडासाकडे जाताना, तेव्हा मुक्या मारावर निभावलं. दुसऱ्यांदा सकाळी मोरीत, तेव्हा डावं मनगट मोडलं. तीन दिवस दवाखान्यात होत्या. तिथल्या सिस्टरने हाताला पिवळा पट्टा बांधला, बेल वाजवल्याशिवाय उठू दिलं नाही आणि 'रात्री किती वेळा उठता, चप्पल कुठली घालता, संडास कसला आहे' असं खोदूनखोदून विचारलं. घरच्यांना ते जरा अतीच वाटलं. आता हाताला प्लास्टर आहे आणि दोन्ही मुलांनी ठरवलंय की आईने खाटेवरून उतरायचंच नाही. खाटेच्या कडेला फळी लावली, शेजारी बादली ठेवली, संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलं. शांत झोप लागावी म्हणून मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलामची गोळी दोन आठवडे रोज रात्री देत आहेत. तरी सासूबाई उठतातच, आणि कुणी रागावलं की 'माले काय व्हयनं?' असं उलट विचारतात. ताई विचारतात: हे वयामुळेच आहे का? जळगावच्या ब्युरोतून दिवसरात्र नर्स ठेवावी का? खर्च झेपणारा नाही, पण पुन्हा पडल्या तर सगळे मलाच बोल लावतील.

ताई,

बोल लावणाऱ्यांचं आधी बाजूला ठेवू. सासू पडली की बोट सुनेकडे जातं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पण तुम्ही वर्णन केलेल्या दोन्ही पडण्यांत दुर्लक्ष कुठे दिसत नाही. दिसतात ती कारणं, आणि त्यातली बरीच दूर करता येण्यासारखी आहेत. म्हणून 'वयामुळेच ना?' हा प्रश्न मी तसाच स्वीकारणार नाही. पासष्टीपुढच्या दर तीन-चार माणसांत एकजण वर्षातून एकदा तरी पडतो. याचाच दुसरा अर्थ असा की तेवढ्याच वयाचे बाकीचे दोघे-तिघे पडत नाहीत. वयाने धोका वाढतो हे खरं, पण पडायला त्या दिवशी, त्या जागी काहीतरी घडावं लागतं.

दवाखान्यातली सिस्टर नेमकं तेच शोधत होती. बऱ्याच दवाखान्यांत दाखल होताना नर्स पडण्याच्या धोक्याचे गुण मांडते. मोर्स नावाची मोजपट्टी सर्रास वापरली जाते. आधी पडल्याचा इतिहास असेल तर २५ गुण, एकाहून जास्त आजार असतील तर १५, हाताला सलाइन लावलेलं असेल तर २०, चाल अशक्त असेल तर १०. तुमच्या सासूबाईंची बेरीज या हिशेबाने ७० होते. ४५ च्या वर गेलं की बहुतेक ठिकाणी 'जास्त धोका' धरतात आणि पट्टा बांधतात, म्हणजे पाळी बदलली तरी पुढच्या सिस्टरला लांबूनच कळतं. बेलचा आग्रहही धाक म्हणून नसतो. वेदनाशामक घेतलेलं, सलाइनची नळी पायात अडकणारी, खाट घरच्यापेक्षा उंच, जागा अनोळखी, आणि रात्री लघवीची घाई: दवाखान्यातली बरीचशी पडणी याच क्षणी होतात. चांगली सिस्टर म्हणून बेलची वाट न पाहता स्वतःच ठरावीक वेळाने येऊन विचारते, 'बाथरूमला जायचंय का? दुखतंय का? पाणी, चष्मा हाताशी आहे ना?' खाट खाली केली का, चाकांचे ब्रेक लावले का, हेही ती बघते. (सलाइनचा स्टँड धरून चालणारा पेशंट पाहिला की सिस्टर ओरडते, तेही बरोबरच आहे. तो स्टँड आधारासाठी नसतो, चाकावर घसरतो.)

आता घरातल्या उपायांकडे येऊ. मुलांचा हेतू चांगला आहे, पण चारही उपाय उलटे पडणारे आहेत.

अंथरुणावर ठेवणं हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात पायांतलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. धडधाकटांची ही गत, तर गुडघे दुखणाऱ्या ७३ वर्षांच्या बाईचं काय होईल? प्लास्टर निघेपर्यंत पाच-सहा आठवडे त्या खाटेवर राहिल्या तर उठतील तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी लवकर पडतील. मोडलाय हात, पाय नव्हे.

फळीमुळे उतरणं थांबत नाही. माणूस फळी ओलांडून उतरतो आणि पडला तर जास्त उंचावरून पडतो. दवाखान्यांतल्या कठड्यांचा अनुभवही हाच आहे. फळी आजच काढा. रात्रीची भीती वाटत असेल तर खाट खाली करा. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. बाज असेल तर दोऱ्या ताणून घ्या. मधोमध झोळ पडलेल्या बाजेवरून उठताना म्हाताऱ्या माणसाला झोका घ्यावा लागतो, आणि तिथेच तोल जातो.

अल्प्राझोलाम हे या घरातलं सगळ्यात धोकादायक पाऊल वाटतं. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. उतारवयात तिचा अंमल लांबतो, पाय लटपटतात, पहाटे उठल्यावर भान अर्धवट असतं. दोन आठवडे रोज दिली आहे, तर एकदम तोडू नका. डॉक्टरांना खरं सांगून कशी कमी करायची ते लिहून घ्या, याच आठवड्यात.

पाणी तोडल्यावर लघवी घट्ट होते, जळजळ होते, घाई वाढते, उठताना चक्कर येते. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा तर हे सरळ दवाखान्याचं आमंत्रण आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसभराचं पाणी कमी करायचं नाही, फक्त पुढे सरकवायचं. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत पोटभर पाणी, ताक, आंबील. सहानंतर तहानेपुरतं, आणि त्या वेळचा चहा बंद.

हे झालं काय करू नये त्याचं. आता सिस्टरचे प्रश्न घरी न्या.

पहिलं काम वहीचं. दोन्ही पडण्यांची हकीकत सासूबाईंच्याच तोंडून लिहा. किती वाजले होते, काय करत होत्या, उठून किती पावलं चालल्यावर पडल्या, आधी चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली का, पाय घसरला की अडकला की गुडघ्याने दगा दिला, पायात काय होतं, शेवटची गोळी आणि शेवटचा घास कधी घेतला होता, पडल्यावर स्वतः उठता आलं का. 'धडपड करतात, ऐकत नाहीत' हे कारण नव्हे, तो आपला राग आहे. आणि त्यांना एकट्यात विचारा. मुलांसमोर त्या 'माले काय व्हयनं' एवढंच म्हणतील, कारण खरं सांगितलं तर उरलंसुरलं फिरणंही बंद होईल, हे त्यांनी ओळखलंय.

एक प्रश्न बाईनेच बाईला विचारायचा असतो. लघवीची घाई होते का, खोकताना थेंब येतात का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का? आयुष्यभर डोक्यावर हंडे, चाऱ्याचे भारे, कापसाची बोचकी वाहिलेल्या बायकांत हे अगदी साधं दुखणं आहे, आणि वर्षानुवर्षं कुणाला सांगितलेलं नसतं. पहाटे अंधारात घाईने संडास गाठण्यामागे हे असू शकतं. सिस्टरला सांगितलं की ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते. ऑपरेशन नको असेल तर आत बसवायची रिंग मिळते, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. लघवीत जंतुसंसर्ग आहे का, याची साधी तपासणीही करून घ्या.

पहाटेच्या त्या पडण्यासाठी मी सर्वांत आधी बीपीकडे बघेन. बसवून घेतलेलं नव्हे, झोपून आणि उभं राहून घेतलेलं. गावातल्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा एएनएम सिस्टर हे मोजून देऊ शकतात. पाच मिनिटं शांत आडवं पडायचं, बीपी घ्यायचं. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, किंवा उभ्याने चक्कर आली, तर उत्तर बरंचसं सापडलं. मोजताना शेजारी माणूस आणि मागे खुर्ची हवी. आपल्याकडे बीपी नेहमी बसवूनच घेतात, त्यामुळे ही उतरण वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. उतरण निघाली तर गोळी आपणहून बंद करायची नाही. आकडे वेळेसकट वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवायचे.

गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन जा. त्यात गुडघ्याची, सर्दीची, झोपेची, वैद्यांची, शेजारणीने दिलेली, सगळं आलं. बीपीच्या काही गोळ्यांच्या नावापुढे 'एच' असतं. त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. ती रात्री घेतली जात असेल तर सकाळी घेता येईल का, एवढं विचारा. बीपीच्याच अॅम्लोडिपिन या गोळीने काहींच्या पावलांना सूज येते. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं पडल्यावर वर चढतं आणि रात्री तीन-तीनदा उठवतं. अशांनी दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं. आणि साखरेच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपवासाच्या दिवशी तशाच घेतल्या तर साखर घसरते. एकादशी, श्रावण सोमवार, कानबाईचा दिवस, नवरात्र हे सगळं आधी डॉक्टरांना सांगून त्या दिवसांची गोळी ठरवून घ्या. घामाने अंग भिजणं, हात थरथरणं, एकदम गळून जाणं असं झालं तर आधी तीन चमचे साखर पाण्यात, मग बाकी विचार.

उठण्याची रीतही शिकवायची आहे, आणि ती सिस्टर सगळ्यांत छान शिकवते, कारण ती करून घेते. आधी काठावर बसायचं. पावलं वरखाली पंधरा वेळा, उजव्या हाताची मूठ उघडझाप तेवढीच. मग उभं राहायचं, धरून, मनात वीसपर्यंत मोजायचं. मग पहिलं पाऊल. डाव्या प्लास्टरवर भार टाकून उठायचं नाही.

आता मोरी आणि संडास. इथे थोडा खर्च करा, दिवसरात्रीच्या नर्सच्या तुलनेत तो काहीच नाही.

मोरीत पडण्याचं एक कारण बहुतेक घरांत कुणी धरतच नाही: तेल. गुडघ्यांना, पावलांना तेल चोळून तसंच अंघोळीला जायची आपल्या बायकांची सवय. शहाबादी असो की गुळगुळीत टाइल, तेलकट तळवा आणि साबणाचं पाणी एकत्र आलं की पाय राहतच नाही. तेल गुडघ्यापर्यंतच लावा, तळव्यांना लावलं तर सुती फडक्याने पुसून मगच मोरीत. अंघोळ बसून करायची, पण पाटावर नव्हे. पाट घसरतो आणि त्यावरून उठायला जमिनीपर्यंत वाकावं लागतं. पायांना रबरी बुटं असलेलं घट्ट स्टूल घ्या. प्लास्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकते. पाण्याचे ड्रम, हंडे चालायच्या वाटेतून हलवा. पाणी दोन-चार दिवसांआड येतं म्हणून मोरी भरलेली असते हे कळतं, पण एक हात रुंद वाट मोकळी राहिलीच पाहिजे. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी पंधरा-वीस मिनिटं ठेवून खराट्याने घासा. त्याच वेळी संडास धुण्याचं अॅसिड वापरू नका, विषारी वायू तयार होतो.

आधाराच्या दांडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती बसवली जाते आणि चुकीची बसवली जाते. टॉवेल वाळवायची नळी, नळाचा पाइप, बेसिन ही आधाराची साधनं नाहीत. वजन आलं की भिंतीतून उपटून येतात. स्टीलची दांडी ३२ ते ३८ मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे मूठ नीट वळते. भिंतीपासून अंतर साधारण ४ सेंटिमीटर. जास्त ठेवलं तर घसरलेला हात मागे अडकून मोडू शकतो. उंची सासूबाईंना उभं करून ठरवा: हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे. देशी संडासाजवळ मात्र आडवीपेक्षा उभी दांडी उपयोगी. बसल्यावर हात पोचेल इतक्या खालून सुरू होऊन छातीपर्यंत जाणारी, म्हणजे हात वर सरकवत उठता येतं. प्लास्टर डाव्या हाताला आहे, तर दांडी उजव्या बाजूला. भिंत विटा-सिमेंटची असेल तर अँकर फास्टनर (भिंतीत रुतून बसणारा बोल्ट) धरतो. तुमचं घर जुनं धाब्याचं असेल आणि भिंत मातीची, तर कोणताही स्क्रू धरणार नाही. तिथे लोखंडी पाइप जमिनीत दीड-दोन फूट काँक्रीटमध्ये गाडून उभा करावा लागतो. बसवल्यावर आधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने लटकून बघावं.

देशी संडासावरून उठताना दोन संकटं एकदम येतात, गुडघे आणि बीपी. सध्या वर ठेवायची कमोड खुर्ची सगळ्यात स्वस्त उपाय. रात्रीपुरती तीच खाटेजवळ, भांड्यासकट, बादलीऐवजी. बादली कलंडते आणि तिच्यावर बसता येत नाही. दिवसा मात्र चालत संडासाकडेच जाऊ द्या, कुणीतरी सोबत. संडासाला आतून कडी लावायची नाही, आणि दार आत उघडणारं असेल तर सुताराकडून बाहेर उघडणारं करून घ्या, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगाने दार अडतं. बॅटरीवरची बिनतारी दारघंटी मिळते. तिचं एक बटण उशाशी आणि एक संडासात जमिनीपासून फूटभर उंचीवर, पडल्यावरही हात जाईल असं.

खाटेपासून संडासापर्यंतची वाट एकदा रात्री, दिवे बंद करून, तुम्ही स्वतः चाला. उंबरा कुठे लागतो, जुन्या लुगड्याचं पायपुसणं कुठे सरकतं, मोबाइलच्या चार्जरची वायर, शेळीचा दोर, परसातला खड्डा: सगळं दिसेल. पायपुसणं काढून टाका. उंबऱ्याच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा ऑइल पेंट मारा. छोटा एलईडी रात्रभर चालू ठेवा आणि लाइट जाते म्हणून उशाखाली बॅटरी. आणि उन्हाळ्यात बिबडे, कुरडया वाळत घालायला त्या शिडीने धाब्यावर चढत असतील, तर तेवढं एक काम मात्र कायमचं बंद. बिबडे थापायला त्या बसतीलच, वर नेणारे पाय दुसरे हवेत.

पायात मागे पट्टा असलेली, तळ झिजलेला नसलेली सँडल. सपाट घासलेली रबरी स्लिपर टाकून द्या. साडी टाचेच्या चार बोटं वर नेसू द्या. नऊवारीच्या काष्ट्यात पाय मोकळा राहतो, धोका सहावारीच्या ओल्या निऱ्यांचा जास्त.

डोळे तपासलेत का? मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणून थांबू नका. इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या बायकांवर झालेल्या एका चाचणीत (२००५) पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलेल्यांची पडणी वाट पाहणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झाली.

पायांची ताकद हा मात्र खरा गाभा आहे. बाकी सगळं केलं आणि हे सोडलं तर फार फायदा नाही. आधी मोजा. हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? सत्तरी ते एकोणऐंशीच्या बाईने निदान १० वेळा उठलं पाहिजे. दुसरी चाचणी: खुर्चीवरून उठून तीन मीटर, म्हणजे दहा फूट, चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. दोन्ही वेळा कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहायचं.

मग व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. खुर्चीवरून उठबस, ओटा धरून टाचा उचलणं, पाय बाजूला उचलणं, बसून गुडघा सरळ करणं, प्रत्येकी दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. तोलासाठी एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून ओट्याजवळ दहा सेकंद उभं राहणं. सोपं जाऊ लागलं की घोट्याला अर्धा किलो जाड्या मिठाची कापडी पिशवी बांधा. सोपंच ठेवलं तर ताकद वाढत नाही, नेमकं इथे बहुतेक घरं थांबतात. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर थांबायचं.

आता हाडांचं. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं हा हाडं ठिसूळ झाल्याचा इशारा आहे, आणि पुढची पाळी खुब्याची असू शकते. प्लास्टरच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हाडांची घनता तपासायची का, औषध सुरू करायचं का? फक्त कॅल्शियमच्या गोळ्यांवर विषय संपवू नका. हाडांसाठीची, आठवड्याला एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेट गोळी दिली तर ती सकाळी अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास ताठ बसून किंवा उभं राहून. आडवं पडलं तर अन्ननलिका भाजते. कॅल्शियम दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. दूध-ताक, तीळ, नागलीची भाकरी यांतून जेवढं येईल तेवढं बरं. आणि ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला, तेव्हा पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं (२०१०).

तर नर्स ठेवायची का? दिवसरात्र नको, असं माझं मत. न्यूझीलंडमध्ये २००१ सालच्या एका चाचणीत खास शिकवलेली नर्स पंच्याहत्तरीपुढच्या लोकांच्या घरी जाऊन व्यायाम बसवून द्यायची आणि पाठपुरावा करायची. पडणी ४६ टक्क्यांनी कमी झाली. उलट अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या अभ्यासात नर्सने धोके शोधून प्रत्येकाची योजना आखली, तरी गंभीर इजांमध्ये ठळक फरक पडला नाही. माझ्या समजुतीने यातून एवढंच घ्यायचं की धोके शोधून देणं पुरेसं नाही, व्यायाम घरात प्रत्यक्ष घडतोय का हे बघणारं कुणीतरी हवं. म्हणून शिकलेल्या नर्सला घरी एक-दोन वेळा तासभर बोलवा: उभ्याचं बीपी, गोळ्यांची पिशवी, मोरी-संडास, व्यायामाची पहिली शिकवणी. मग महिन्याने एकदा. आशाताईंना सांगितलं तर त्या उपकेंद्राच्या सिस्टरची गाठ घालून देतील, तिथे पैसेही लागणार नाहीत.

माणूस ठेवायचंच असेल तर ब्युरोतून येणारी ती बहुतेकदा नर्स नसते, मदतनीस असते. त्यात कमीपणा नाही, पण दर कशाचा देताय ते विचारा. तिला पहाटे चार ते सकाळी नऊपर्यंत बोलवा, धोक्याची वेळ तीच. तिला दोन गोष्टी बजावा: सगळी कामं उचलून करायची नाहीत, सासूबाईंना करू द्यायची. आणि चालताना दंड किंवा बगल ओढायची नाही, किंचित मागे आणि अशक्त बाजूला राहून कमरेला हात ठेवायचा. काठी घेतली तर ती उजव्या हातात, मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला, खाली नवं रबर. पासष्टीपुढच्यांना अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. अर्ज समाजकल्याण खात्याकडे. सत्तरी पार केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डही निघतं. ते आधार घेऊन आत्ताच काढून ठेवा, दवाखान्याची वेळ आल्यावर धावाधाव नको.

एवढं करूनही त्या पुन्हा पडू शकतात. तेव्हा चारजणांनी हात धरून उचलायचं नाही. आधी तिथेच राहू द्या, कुठे दुखतं विचारा. खुब्यात किंवा मांडीत दुखत असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेर वळलेला असेल, तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर जखम दिसत नसली तरी दवाखाना. काही दुखत नसेल तर कुशीवर वळवून, गुडघ्यांवर आणून, पुढे ठेवलेल्या घट्ट खुर्चीवर उजवा हात टेकवून, चांगला पाय पुढे घेऊन त्यांनाच उठू द्या. मग बसवून बीपी, साखर, आणि लगेच वहीत नोंद.

हे सगळं सासूबाईंना समोर बसवून ठरवा. दांडी कुठे हवी, कमोड खुर्ची चालेल का, पहाटे सोबत कोण आलेली आवडेल, ते त्याच सांगतील. मुलांना समजावणं तुम्हाला जड जात असेल तर पुढच्या तपासणीला दोघांनाही घेऊन जा आणि फळीचा प्रश्न तिथल्या सिस्टरलाच विचारा. प्लास्टर निघालं की खुर्चीची ती ३० सेकंदांची चाचणी पुन्हा घ्या, आधीचा आकडा शेजारी लिहा. वाढला नसेल तर व्यायाम दाखवायला फिजिओथेरपिस्टकडे न्या, वही सोबत घेऊन.